कोसमटोल्याचा करार आणि डोमाजी गार्ड

कोसमटोल्याच्या जंगलनाक्यावर एक भोळा गार्ड होता. नाव डोमाजी. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही, आणि तिथंच सगळा घोटाळा व्हायचा.

कोसमटोला गोंडांचं गाव. वीस वर्षं भांडून गावानं सरकारकडून करार लिहून घेतला होता: डोंगरावरचा बांबू गावाचा, आणि ग्रामसभेला विचारल्याशिवाय तिथं कोणी काही करायचं नाही. गावाकडून सही केली ग्रामसभेच्या अध्यक्ष मैनाबाई हलामींनी, सरकारकडून रेंजर साहेबांनी.

साहेबांनी डोमाजीला बजावलं, "आता डोंगरावर काहीही करायचं तर आधी ग्रामसभेला विचारायचं."

"समजलं साहेब."

आठ दिवसांनी डोंगराला वणवा लागला. डोमाजी धावत गावात आला. दवंडी पिटली, सभा भरवली, घसा खाकरला आणि म्हणाला, "आग विझवायला परवानगी मिळंल का?"

मैनाबाईंनी कपाळावर हात मारला. सगळं गाव ओल्या फांद्या घेऊन धावलं. आग विझली, पण तोवर अर्धा उतार काळा झाला होता.

"अरे बाबा," मैनाबाई म्हणाल्या, "धूर दिसला की विचारत बसू नको. पाणी ओत!"

"समजलं मावशी."

पुढं देवराईत गावदेवाची पूजा आली. चुलींवर भात रटरटत होता. डोमाजीला लांबून धूर दिसला. धापा टाकत आला आणि चारी चुलींवर चार घागरी ओतून मोकळा झाला. देवासकट गाव उपाशी राहिलं.

"लोक जमून काही करत असले," मैनाबाई दात आवळून म्हणाल्या, "तर गुमान हात जोडून बसावं. देतील ते खावं."

"समजलं मावशी."

मग एका ठेकेदाराची माणसं डोंगरावर जमली आणि गावाचा बांबू तोडू लागली. डोमाजी हात जोडून बसला. त्यांनी भाकरी-चटणी दिली, ती खाल्ली. ट्रक भरून निघाला तेव्हा फाटकही त्यानंच उघडलं.

गाव चिडून साहेबांच्या दारात गेलं. गावासमोर साहेब कडाडले, "गाढवा! माल दिसला की ग्रामसभेचा कागद मागायचा. कागद नसला की गाडी अडवायची. मग आत कोणी का बसलेला असेना!"

"समजलं साहेब."

महिन्याभरानं भर दुपारी बांबूनं भरलेले तीन ट्रक नाक्यावर आले. पहिल्यात खुद्द रेंजर साहेब.

"ग्रामसभेचा कागद?" डोमाजीनं विचारलं.

"अरे, मी आहे!"

"ते दिसतंय साहेब. कागद?"

कागद नव्हता. डोमाजीनं फाटकाला कुलूप लावलं, मैनाबाईंना साक्षीला बोलावलं आणि पंचनामा लिहायला घेतला. साहेबांचं नाव ठळक अक्षरात काढलं.

साहेब खवळले. "लिही, लिही! आणि जा, दे नेऊन मोठ्या साहेबांना!"

"समजलं साहेब."

डोमाजी सायकलवर चाळीस किलोमीटर गेला.

बांबू गावाला परत मिळाला. चार दिवसांनी डोमाजी एक पाकीट घेऊन साहेबांच्या बंगल्यावर आला. कडक सलाम ठोकला.

"साहेब, तुम्ही सांगितलं तसा कागद पोचवला. मोठ्या साहेबांनी लगेच उत्तर दिलं. तुम्हाला निलंबित केलंय. आता पुढं काय करू?"

साहेबांनी तोंड उघडलं. डोमाजी कान टवकारून उभा होता.

साहेबांनी तोंड मिटलं.