बिनचेहऱ्याचा सरदार

उत्तर इटलीतल्या वालसेका गावच्या ग्रंथघरात वीरकथांची एकच सचित्र पोथी आहे. शिरका घातलेल्या आंबट पाण्याने हात धुतल्याशिवाय तिला शिवता येत नाही. अकराव्या चित्रातल्या कपटी सरदाराला चेहराच नाही. शिरस्त्राणाखाली पानाचे नुसते पिवळे कातडे दिसते. कारण विचारले की म्हातारे राखणदार आन्साल्दो आधी पाहुण्यांची नखे तपासतात, मग सांगायला बसतात.

सहाशे वर्षांपूर्वी, असे सांगतात, गढीवर दुपारची जेवणे उरकली की ही पोथी वाचली जाई. वाम माशाच्या चरबीने माखलेल्या बोटांना थुंकी लावून पाने उलटायची आणि कपटी सरदार आला की प्रत्येकाने त्याच्या तोंडावर थुंकायचे, ही तिथली रीत. रंग ओघळला की चितारी तो चेहरा पुन्हा रंगवी.

तो चेहरा त्याने गास्पारेचा घेतला होता: मोडके नाक, गालावर चामखीळ. गास्पारे कातडी खरवडून पोथ्यांची पाने बनवी. या पोथीची पानेही त्याचीच. त्याच्या अंगाला कुजका वास येई, म्हणून चिताऱ्याला ही मस्करी सुचली. पण पुढे लोक बाजारातही गास्पारेवर थुंकू लागले. तो घराबाहेर पडेना. मग त्याने अन्नही टाकले.

त्याची मुलगी तादेआ गढीवर ताटे उचलायची. ती चिताऱ्याला म्हणाली, "काका, तेवढं नाक तरी बदला."

"अगं, तुझ्या बापाला सरदार केलं, उपकार मान की!"

त्या दुपारीही सगळे थुंकले. पानावर कांद्याच्या वासाचा फेस साचला, त्यात पावाचा चोथा तरंगत होता. तादेआ पुढे झाली, वाकली आणि ते सगळे जिभेने चाटू लागली. चरबी, बेडका, आणि त्यांच्याखालचे बापाचे नाक, चामखीळ, डोळे. कातडे कोरे होईपर्यंत ती थांबली नाही.

"शी! थुंक ते, पोरी!" गढीची मालकीण किंचाळली.

तादेआने रंगाने बरबटलेले तोंड वर केले. "तुमचंच आहे, बाईसाहेब. कुणावर थुंकू?"

मालकीण खिडकीशी धावली आणि भडभडून ओकली म्हणे. तो चेहरा पुन्हा रंगवायला तिने चिताऱ्याला बंदी केली. आठवड्याने गास्पारे बाजारात आला, तेव्हा लोक तोंडे पुसत बाजूला झाले.

आजही त्या पानापाशी वाचणारा थांबतो. ऐकणारे तोंडातली थुंकी गिळतात. मगच पान उलटले जाते.