बिनगाठीची बंडी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या कुडवेळच्या खाडीला तेव्हा धक्का नव्हता, दीपगृह नव्हतं, आणि बुडालेल्यांची नावं आजच्यापेक्षा कमी होती. तेव्हा इथं आवडी नावाची खारवीण राहायची. आज आपण तिला टाकेआय म्हणतो. नवरा दर्यानं नेला होता आणि मागं एकच मुलगा उरला होता, दुलबा. त्याला मिसरूड फुटलं आणि तोही होडीवर जायचं म्हणू लागला. खारव्याच्या पोरानं दुसरं करायचं तरी काय? पण आवडी तेव्हापासून रात्री उठून तो अंथरुणात आहे ना, ते बघायची.

एका पावसाळ्यात, होड्या वर ओढून नारळाच्या झापांनी शाकारून ठेवलेल्या असताना, वादळानं एक माणूस किनाऱ्यावर आणून टाकला. फळीला मिठी मारून आला होता. अंगात जाड निळी बंडी, आणि तिच्यावर पांढऱ्या दोऱ्याचे टाके, माशाच्या खवल्यांसारखे एकाला एक लागून. तो जपानचा होता, हे पुढं कधीतरी मुंबई बघून आलेल्या माणसानं सांगितलं. गावानं आपलं त्याला निळोबा करून टाकलं. असं म्हणतात, एवढा दर्या अंगावरून गेला तरी त्या बंडीची आतली बाजू कोरडी होती.

आवडीनं ती बंडी बघितली आणि तिथंच तिचं ठरलं. असली बंडी दुलबाच्या अंगात असेल तर दर्या त्याला गिळणार नाही. तिनं निळोबाला पडवीत जागा दिली, पेज वाढली आणि त्याच्या पुढ्यात सुईदोरा ठेवला. बाकी काही सांगावं लागलं नाही.

विद्या सोपी नव्हती. आवडीला गोधड्या शिवायची सवय, म्हणजे सुई पळवायची. निळोबा सुई जागच्या जागी धरायचा आणि कापडच चुण्या घालून तिच्यावर चढवायचा. मग दोरा ओढून घ्यायचा आणि अंगठ्यानं कापड पुन्हा सारखं करायचा, तापलेल्या पोराच्या कपाळावरून हात फिरवावा तसं. नक्षी तो ओल्या वाळूत काटकीनं काढून दाखवायचा. वळणावर दोरा मागच्या बाजूनं जरा ढिला सोडायचा. आवडी तो कचकन ओढायची आणि कापड आखडायचं. तो मुकाट्यानं उसवायचा आणि पुन्हा तिच्या हातात द्यायचा. सगळा पावसाळा असा गेला.

त्याला आपल्या भाषेतले दोनच शब्द येत होते. दोरा संपला की आवडी सवयीनं गाठ मारायला जायची, आणि तो तिचं मनगट धरून म्हणायचा, "गाठ नाय." मग स्वतः उलटा फिरून आधीच्याच टाक्यांवरून काही टाके घालायचा आणि दोरा कापायचा. गाठ का नको, हे सांगायला त्याच्यापाशी शब्द नव्हते. शेजारणी हसायच्या. बिनगाठीचा दोरा आणि बिनवेसणीचा बैल सारखाच, म्हणायच्या.

नारळी पौर्णिमा झाली. होड्या निघायच्या त्या सकाळी दुलबाच्या बंडीचा शेवट तेवढा राहिला होता. निळोबा होड्या लोटायला खाली गेला होता. आवडी एकटी होती, आणि भीतीनं तिला घेरलं. आपल्याकडे माणूस भेटला की गाठ पडली म्हणतात. मग गाठच नसेल तर पोराची गाठ पडणार कशी? तिनं गाठ मारली. साधी नाही. होडी खुंट्याला बांधतात तशी, वेढ्यावर वेढा घेऊन, बोराएवढी. बंडी दुलबाच्या अंगात घातली आणि म्हणाली, "बाबा, आपली गाठ पडू दे."

होडी उलटली. बाकीचे पोहत आले, दुलबा आला नाही.

गावाला कुणावर तरी राग काढायचा होता, आणि परका माणूस आयताच समोर होता. उलटलेल्या होडीच्या म्होरक्यानं, तांडेलानं, आवडीला विचारलं, हा तुला रोज काय सांगायचा?

"गाठ नाय म्हनायचा," आवडी म्हणाली.

तेवढं पुरलं. पोराची गाठ पडणार नाही असा हा शाप देत होता, असं सगळ्यांनी धरलं. वाईट हे, की त्या घटकेला आवडीलाही तसंच वाटलं. तिनं मान खाली घातली. लोकांनी निळोबाला लहान होडीत बसवलं, वल्ही काढून घेतली आणि ओहोटीबरोबर होडी सोडून दिली. तो आवडीकडे बघून ओरडत राहिला. पण ओरडणार तरी काय? त्याला येत होते तेच दोन शब्द.

पुढच्या ओहोटीला बुडालेलं जाळं ओढून काढलं. त्यात दुलबा होता. बंडीचा एक टाका उसवला नव्हता. जाळ्याची दोरी त्या बोराएवढ्या गाठीत अडकली होती, आणि तिनं त्याला बंडीसकट खाली धरून ठेवलं होतं. आवडीनं मागितली होती, तशी पोराची गाठ पडली.

मग ती दारोदार सांगत फिरली, तो शाप नव्हता, तो शिवण शिकवत होता. होड्या शोधायला गेल्या आणि रिकाम्या आल्या. असं म्हणतात, त्यानंतर आवडी सुई घेऊन पाण्याकाठच्या काळ्या खडपावर बसली आणि दर्या शिवू लागली. सुई जागच्या जागी, आणि पाणीच चुण्या घालत तिच्यावर चढायचं. शिवत शिवत ती पाण्यात उतरत गेली. लाटांवरच्या पांढऱ्या रेघा तिचेच टाके आहेत, असं म्हणतात. किनाऱ्याला आले की सगळे उसवतात.

तेव्हापासून कुडवेळला शिवणाच्या शेवटी कुणी गाठ मारत नाही, गोधडीला नाही की झबल्याला नाही. नारळी पौर्णिमेला होड्या निघायच्या आधी बायका आपापल्या माणसाच्या बंडीला शेवटचा टाका घालतात, दोरा कापतात आणि टाकेआयचं नाव घेऊन म्हणतात, "गाठ नाय." पाहुण्यांना ते अभद्र वाटतं. त्यानं कुणी वाचतं असंही नाही. गेल्या साली ते म्हणूनसुद्धा दोघे गेले. पण ज्याचं ते बोलणं होतं, त्याचं आपण तेव्हा ऐकून घेतलं नाही, म्हणून आता दर वर्षी म्हणतो.