विहिरीत टांगलेलं कडं

डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं आणि त्या गावात नळ्या वळणारी एक बाई होती. सगळे तिला नळीवालीच म्हणत. लाकडी दांड्यावर कागद ताणून गुंडाळायचा, थराथरावर लाखेचा हात फिरवायचा, भट्टीत शेकायचा आणि दांडा अलगद ओढून काढायचा. उरायची ती लालचुटुक, गुळगुळीत नळी. गावातला तारवाला त्या नळीवर तांब्याची तार गुंडाळून मोटारीची कॉइल करायचा. आत लोखंड, बाहेर वीज वाहणारी तार, आणि दोघांना एकमेकांपासून लांब ठेवायला मध्ये ही नळी. नळीने दम सोडला की वीज लोखंडात उतरणार आणि लोखंडाला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतणार.

म्हणून नळीवालीची एक रीत होती. प्रत्येक खेपेतल्या एका नळीचं बोटभर रुंदीचं कडं कापून ती आपल्या खोपटातल्या खिळ्याला आठ दिवस टांगायची. कडं गोल राहिलं, थर सुटले नाहीत, तरच माल बाहेर जायचा. गिरणीची मोटार, तेलघाण्याची मोटार तिच्याच नळ्यांवर वर्षानुवर्षं फिरत होती. बाईसाहेबांना आपल्या कड्याचा जरा गर्वच होता, आणि तो लपवायची तसदी त्या घेत नसत.

गावाचं पाणी मात्र डोंगराखालच्या विहिरीत. दोनशे पायऱ्या उतरा, घागर भरा, पुन्हा चढा. अखेर पाटलांनी पंप बसवायचं ठरवलं. विहिरीच्या आत, पावसाळ्यातल्या चढत्या पाण्यापासूनही वीतभर उंचावर, मोटारीसाठी कोनाडा खोदला. तिथून निघणारा लोखंडी पाइप पायऱ्यांना लागूनच वर जाणार होता. खालच्या वाडीच्या बायका पाणी तिथेच भरायच्या, चढताना त्या पाइपचाच आधार घेणार हे उघड होतं. पाटलांनी तर जत्रेच्या दिवशी कळ दाबणार म्हणून गावभर सांगूनही टाकलं.

नळ्या झाल्या. कडं आठ दिवस खिळ्याला टांगून झालं. तारवाल्याने सहा दिवस खपून कॉइल गुंडाळली. ती बघायला खालच्या वाडीतली एक म्हातारी नळीवालीच्या खोपटात आली.

"पोरी, हे विहिरीत बसणार म्हणतेस? अगं, तिथं मी दोर ठेवला तर चौथ्या दिवशी बुरशी धरते."

नळीवाली फणकारली. "मावशी, माझं कडं आठ दिवस टांगलं होतं. जरासुद्धा हललं नाही."

"कुठं टांगलं होतंस?"

"इथंच, खिळ्याला."

"भट्टीशेजारी?" एवढंच विचारून म्हातारीने काठी उचलली आणि ती चालू लागली.

प्रश्न नळीवालीला चांगलाच झोंबला. इतकी वर्षं ती कडं टांगत आली होती, पण नेहमी त्याच उबदार, कोरड्या कोपऱ्यात! ती तशीच उठली, कडं घेऊन दोनशे पायऱ्या उतरली आणि ते कोनाड्यात टांगून आली. चौथ्या दिवशी जाऊन बघते तो कड्याचा सादळलेला पापड झालेला. दोन बोटांत दाबलं तर वाकलं आणि थर सुटून हातात आले.

तिला स्वतःची लाज वाटली. पण लाज घेऊन घरात बसणारी ती नव्हती. ती थेट पाटलांकडे गेली. तारवाला तिथेच बसला होता.

"पाटील, कॉइल उकलावी लागेल. माझी नळी तिथं टिकणार नाही."

"अगं, जत्रा तीन दिवसांवर आली! त्या दिवशी चालली म्हणजे झालं. पुढचं पुढे बघू."

"त्या दिवशी चालेल. पावसाळ्यात कुणाचा तरी हात पाइपला चिकटेल. कुणाचा चिकटलेला चालेल, तेवढं सांगा."

पाटलांनी कळ दाबायचा बेत पुढे ढकलला. तारवाला मात्र भडकला. "वहिनी, सहा दिवस मान मोडून गुंडाळलीय मी!"

"माहीत आहे, भाऊजी. चूक माझी आहे. तार मी उकलते. तुम्हाला बघवत नसेल तर बघू नका."

आणि तिने खरोखरच वेढा न् वेढा स्वतःच्या हाताने उकलला.

जत्रा पंपाविना झाली. लोकांनी नळीवालीची यथेच्छ टिंगल केली. ती कामाला लागली. अभ्रकाची नळी करायला गेली तर वळतानाच तिचे पापुद्रे निघाले. सुती कापडाला लाख पाजून नळी केली. तिचं कडं विहिरीत आठ दिवस तगलं, पण कोंदट कोनाड्यात मोटार गिरणीतल्यापेक्षा जास्त तापणार म्हणून तिने ते गरम तव्यावर ठेवलं, तेव्हा लाख पाघळली. राहिलं ते काचेच्या धाग्याचं कापड. खरखरीत, बघायला ओबडधोबड, हाताला खाज आणणारं. असल्या मालाला नळीवालीने आजवर घराची पायरी चढू दिली नव्हती. तिने निमूटपणे ते घेतलं, भट्टीत एकदा घट्ट झाली की पुन्हा न पाघळणारी राळ त्याला लावली आणि नळी वळली. तिचं कडं आठ दिवस विहिरीत राहिलं, मग तव्यावर बसलं, आणि होतं तसंच उरलं.

तारवाल्याने कुरकुरत का होईना, पुन्हा कॉइल गुंडाळली. पंप सुरू झाला. पावसाळ्यात विहिरीच्या भिंतींतून पाणी झिरपत होतं, कोनाडा ओलाकच्च होता, आणि बायका पाइपला धरून बिनघोर चढत-उतरत होत्या. वर गावात टाकी रोज भरत होती.

आता पाटील स्वतः नळीवालीच्या दारात आले. "बाई, तुझ्या त्या काचेच्या नळीला तोड नाही. गिरणीची मोटार नव्याने बांधायची आहे. तीच नळी दे, सगळ्यात चांगली!"

नळीवालीने हातातला कागद दांड्यावर ताणला. "गिरणी कोरडी आहे, पाटील. तिथं कागदच चांगला."

तात्पर्य: कोणती वस्तू चांगली हे विचारण्याआधी तिला कुठे टिकायचं आहे ते विचारावं, आणि परीक्षा घ्यायची ती आपल्या सोयीच्या जागी नव्हे, तिच्या कामाच्या जागी घ्यावी.