तिसऱ्या झाडाखालची राणी

हेदवण गावाच्या एका अंगाला नदी आणि दुसऱ्या अंगाला देवराई. त्या वर्षी चैत्रात केवलगिरी महाराज तिथल्या रवळनाथाच्या देवळात मुक्कामाला होते. रोज दुपारी पिराजी चित्रकथी मंडपात चित्रांची पोथी उघडी आणि एकेक पान उभं धरून कथा गाई. साप डसलेलं लेकरू खांद्यावर घेऊन राणी रानातल्या सात झाडांपाशी श्वास मागत फिरते, ती कथा. महाराज खांबाला टेकून ऐकत.

तिसऱ्या झाडापाशी कथा थांबवून पिराजी घरी जाऊन निजला, तो पुन्हा उठलाच नाही.

तिथल्या चित्रकथ्यांची रीत अशी, की उघडलेली कथा पुरी झाल्याशिवाय पोथी बांधायची नाही. नाहीतर सांगणाऱ्याचा जीव तिच्यात अडकतो. फाटकी चित्रंही टाकायची नाहीत, नदीत सोडायची. पिराजीच्या घरात दोन गठ्ठे होते. रडारडीत त्याच्या भावाने अस्थींबरोबर जुना गठ्ठा म्हणून सोडला, तो चांगल्या चित्रांचा! लेक सुंदरा हिच्यापाशी उरली ती वाळवीने खाल्लेली, रंग उडालेली पानं.

बारावं झाल्यावर तीच पानं घेऊन ती मंडपात आली. गावचे पुराणिक दाजीशास्त्री हसले.

"काय गो सुंदरे, पीठ चाळायला चाळण आणलीस वाटतं?" माणसं खिदळली. "आणि कुठल्या पुराणात आहे गो ही तुझी राणी? बापाने रचलेली भाकडकथा!"

"पुराणात नसात, शास्त्रीबुवा," सुंदरा म्हणाली. "पण ती अजून तिसऱ्या झाडाखाली उभी आसा. आणि माझो बाबा पण थंयच आसा."

महाराज म्हणाले, "बाये, पान उभं धर."

"ह्येच्यावर कायच दिसणा नाय, महाराज."

"तू गा."

ती गाऊ लागली. आवाज दोनदा फुटला. चौथ्या झाडाने नाही म्हटलं, पाचव्याने तोंड फिरवलं. आणि काय सांगावं! त्या विटक्या पानावर हिरवा रंग पाझरू लागला. भर चैत्रात मंडपात ओल्या पाल्याचा वास दरवळला. सातव्या झाडाने आपला श्वास दिला आणि उभ्या उभ्या वाळून गेलं. राणीच्या खांद्यावर लेकराने मान हलवली. बाया पदरात तोंड घालून रडत होत्या.

गाणं संपलं. सुंदरा महाराजांच्या पायाशी बसली आणि हळूच म्हणाली, "लेकरू उठला, महाराज. माझो बाबा?"

महाराजांचे डोळे भरले होते.

"नाही, बाये. तो आता येणार नाही. त्याची वाट मोकळी झाली, एवढंच."

तिने मान हलवली आणि पानं गोळा करू लागली. तेवढ्यात दाजीशास्त्रींनी पुढे होऊन एक पान उचललं, उजेडात धरलं. त्यावर काहीही नव्हतं. भोकांतून त्यांचीच बोटं दिसत होती.

"पण मी पाहिलं तिला," ते पुटपुटले. "लंगडत होती ती. टाचेत काटा होता."

"होय," सुंदरा म्हणाली. "बाबा तो काटो सगळ्यांत शेवटी रंगवायचो."

शास्त्रीबुवांनी पागोटं उतरवलं. महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि मग त्या भोकाभोकांच्या पानांपुढे ते वाकले, ते लवकर उठले नाहीत.