सुगुणम्माची सुटलेली गाठ

भाविकहो, सोलापुरात मागवाल्यांच्या जुन्या वस्तीत, जिथे दिवसभर यंत्रमागांच्या खडखडाटात शेजाऱ्याची हाकही ऐकू येत नाही, तिथे चर्चचे पाळक प्रभुदासबाबा यांचे वास्तव्य होते. त्यांची सतरा कुटुंबांची लहानशी ल्यूथरन ख्रिस्ती मंडळी. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, आणि घंटेचा दोर इतका जुना की ओढणाऱ्यालाच धाकधूक! पण दर गुरुवारी दुपारी या चर्चची दारे सताड उघडत. उपासनेची बाके भिंतीला लागत आणि रस्त्यावरची, फुटपाथवरची, कामावरून काढलेली माणसे आत पंगतीला बसत. ज्वारीची भाकरी, आमटी, कधी शेंगांची चटणी.

बाबांचा एक नियम होता. नाव विचारल्याशिवाय कोणाला वाढायचे नाही. नवे वाढपी कंटाळत, भाकरी निवते म्हणत. त्यावर बाबा म्हणत, "निवू दे. भाकर काय कुत्र्यालाही टाकतात. नाव माणसालाच विचारतात."

आता इतकी नावे लक्षात कशी ठेवायची? बाकीचे विसरत. सुगुणम्मा मात्र विसरत नसे. ही विधवा बाई मागावरचे तुटलेले धागे जोडण्याचे काम करी. अक्षरओळख नव्हती. चादरीच्या कारखान्यात फेकून दिलेले रंगीत धागे ती घरी आणी आणि पंगतीत नवे माणूस आले की त्याच्या नावाचा एक धागा आधीच्या धाग्याला जोडी. असा तो दोरा लांबत गेला. दिवेलागणीला ती दोरा मांडीवर घेई, बोटाने एकेक धागा चाचपी आणि एकेक नाव प्रभूच्या कानावर घाली. दोनशेच्या वर नावे, आणि एकही चुकत नसे!

हा दोरा उमाप गुरुजींच्या डोळ्यांत खुपू लागला. जयवंत उमाप हे निवृत्त मुख्याध्यापक आणि मंडळीचे पंच. पवित्र शास्त्र मुखोद्गत, पोशाखाला कडक इस्त्री. गुरुवारी तेही येत, पण पंगतीकडे पाठ करून दारात उभे राहत. चपलांवर लक्ष ठेवणे हे आपले काम, असे त्यांनीच ठरवले होते. दिवाळीच्या आधी त्यांनी तो दोरा प्रथम पाहिला आणि सगळ्यांदेखत हसून म्हणाले, "सुगुणम्मा, बाप्तिस्मा घेतला तरी गंडेदोरे काही सुटले नाहीत वाटतं!"

बिचारीने दोरा पदराआड घेतला. पण गुरुजींनी विषय सोडला नाही. चैत्रात पंचांची बैठक बसली आणि त्यांनी निक्षून सांगितले, "रविवारच्या आत हा गंडा चुलीत गेला पाहिजे. नाहीतर या बाईनं चर्चची पायरी चढू नये."

सुगुणम्माच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. "बाबा, मला पुस्तक वाचता येत न्हाई की. हे जळालं तर एवढ्या लोकांची नावं कोन घेनार?"

बाबा म्हणाले, "रविवार अजून लांब आहे. गुरुवारी दोरा घेऊन या."

गुरुवार उजाडला. ऊन असे की फरशीवर पाय टेकवत नव्हता. अर्धी पंगत जेवली होती. कोण आले, कोण राहिले हे पाहायला सुगुणम्माने दोरा काढला, आणि तो तिच्या हातात दोन तुकडे होऊन आला!

"बाबा! बगा की! माझी गाठ सुटली!"

आता ऐका. मागावरच्या कामगाराची गाठ ओढाल तितकी घट्ट होते. धागा तुटतो, पण गाठ सुटत नाही. आणि इथे धागा तुटलेला नव्हता. हिरवा आणि जांभळा, दोन्हींची टोके अखंड होती. ही गाठ सुटली कशी? पंगतीतल्या जुन्या विणकरांनी टोके निरखून पाहिली आणि माना हलवल्या. ते कोडे आजही कोणाला उलगडलेले नाही.

बाबांनी विचारले, "जांभळा कोणाचा?"

"शीलवंतचा. दाढीवाला, टोपी डोळ्यांवर ओढून बसतो बगा. आपलं ताट आपनच धुतो. आज आला न्हाई."

दारात उमाप गुरुजींचा हात चौकटीवर घट्ट झाला.

"आणि हिरवा?" बाबांनी विचारले. सुगुणम्माने खाली पाहिले.

बाबा उठले. "गुरुजी, चला माझ्याबरोबर."

"दोरा सुटला म्हणून भर उन्हात धावायचं?" गुरुजी म्हणाले. पण आवाजात नेहमीचा ताठा नव्हता. "जगात काय एकच शीलवंत आहे?" असे पुटपुटत ते मागून निघाले.

शीलवंत कुठे राहतो हे कोणालाही ठाऊक नव्हते. तरीही बाबा कोणाला न विचारता तीन बोळ ओलांडून गेले आणि एका बंद पडलेल्या कारखान्याच्या सुताच्या गोदामापाशी थांबले. ते कसे समजले? बाबांना पुढे पुष्कळांनी विचारले. ते म्हणत, "मी कुठं चाललो? मला चालवलं."

गोदामाच्या दाराला आतून सुताचे गठ्ठे ढासळून टेकले होते. दोघांनी खांदे लावले. आत भट्टीसारखी धग, आणि गठ्ठ्यांच्या आड एक म्हातारा निपचित पडलेला. टोपी बाजूला गळून पडली होती. गुरुजींनी तोंड पाहिले आणि त्याचे डोके मांडीवर घेतले.

तो त्यांचा थोरला भाऊ होता! दारूपायी बावीस वर्षांपूर्वी गुरुजींनीच त्याला घराबाहेर काढले होते. पुढे पश्चात्ताप झाला. भिवंडी झाली, सुरत झाली, सगळीकडे शोध घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! भाऊ सहा महिने त्यांच्या पाठीमागे बसून जेवत होता आणि यांची नजर चपलांवर होती.

श्वास चालत नव्हता. "बाबा, गेला हो माझा दादा," गुरुजी लेकरासारखे रडू लागले. बाबांनी कोपऱ्यातल्या मडक्यात उपरणे भिजवून शीलवंतच्या छातीवर ठेवले, कपाळावर हात टेकला आणि मोठ्याने एवढेच म्हणाले, "प्रभू, हा शीलवंत. याचं नाव तुझ्याकडे रोज येतं."

आणि काय सांगावे! त्या छातीचा भाता हलला. डोळे उघडले. समोरचा चेहरा ओळखायला त्याला अंमळ वेळ लागला. मग कोरड्या ओठांनी तो म्हणाला, "जया... आज गुरुवार ना? माझं ताट राहिलं असंल."

भावाला खांद्याचा आधार देऊन गुरुजी चर्चमध्ये आले आणि बाबांच्या पायांशी वाकू लागले. बाबा मागे सरले. "माझ्यापुढं नाही. ज्या हातांनी तुमच्या भावाचं नाव जपलं, तिकडं वाका."

गुरुजींनी सुगुणम्मापुढे हात जोडले. "सुगुणम्मा, मला क्षमा करा. दादाचा धागा पुन्हा जोडाल का?"

ती दोन्ही तुकडे घेऊन उभी होती. जरा घुटमळली. "रागावू नका गुरुजी. हा हिरवा तुमचाच की. तुमी मला हसला, त्या दिवशीच जोडला. त्याच दिवशी हे दादा पयल्यांदा जेवायला आले. म्हनून शेजारी शेजारी."

गुरुजींची कडक इस्त्रीची मान इतकी वाकली की कपाळ फरशीला लागले. मग सुगुणम्माने त्यांच्या बोटांना वळण दाखवले आणि गुरुजींनी आपल्या हाताने ती गाठ मारली. आयुष्यभर मुलांना शिकवणाऱ्या माणसाला एक गाठ शिकायला चार खेपा लागल्या!

पुढच्या गुरुवारी दारात चपला राखायला कोणी नव्हते. उमाप गुरुजी पंगतीत भाकरीची टोपली घेऊन फिरत होते आणि प्रत्येकापुढे वाकून विचारत होते, "दादा, तुमचं नाव काय?"