ओंजळीआधी नाव

फार वर्षांपूर्वी, वारा अजून बोलावल्यावर यायचा, तेव्हाची ही गोष्ट. बाभुळखळे गाव उंच माळावर होतं, आणि तिथल्या खळ्यांवर आजूबाजूच्या पाच गावांची ज्वारी उफणायला यायची. माणूस तिवईवर उभा राहायचा, सुपातून धान्य सोडायचा, दाणे खाली पडायचे आणि भुसा वाऱ्यावर जायचा. वारा पडला, की गेणू गायचा. दोन ओळी झाल्या की माळाकडून झुळूक निघायचीच, असं म्हणतात. आता तुम्ही हसाल. हसा. पण ज्यांचं धान्य भुशात अडकलेलं असायचं ते हसायचे नाहीत.

या गेणूची बायको धुरपदा. नवऱ्याच्या आवाजावर तिचा एवढा जीव होता, की ती दुपारी भाकरी घेऊन यायची आणि गाणं संपेपर्यंत त्याला हाकच मारायची नाही. भाकरी वाळून जायची. गेणू ती वाळलेली भाकरी हसत खायचा.

गावात एक रीत होती. रास म्हणजे लक्ष्मी, आणि लक्ष्मीसमोर तोंड झाकायचं नाही. झाकलं तर ती रुसते. म्हणून कितीही भुसा उडाला तरी नाकातोंडावर कुणी फडकं बांधत नसे, आणि बारीक तूस दिवसभर श्वासाबरोबर आत जात असे. सुगी संपली की अख्खं गाव खोकायचं, आणि लक्ष्मी पावली असं समजायचं.

एका चैत्रात गेणूच्या घशात खवखव सुरू झाली. मग खोकला लागला. कोरडा खोकला, कफाचा थेंब नाही, नुसती उबळ. गावात वैद्य नसला की सगळेच वैद्य असतात. एकानं मिरी चावायला दिली, दुसऱ्यानं सुंठ, तिसरीनं लसणीचा ठेचा. घसा होता त्याहून सोलवटला आणि गाणं बंद झालं. तीन दिवस वारा पडून राहिला. लोक नुसते तिवईकडं बघत बसले. कुणी गेणूला बोल लावला नाही, आणि तेच त्याला सोसलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी तो धुरपदाला म्हणाला, "घसा बरा झाला की येतो. तू वाट बघ." आणि माळ उतरून गेला. त्यानंतर वारा आपल्या मर्जीनंच यायचा.

धुरपदा आधी रडली, मग चिडली, आणि मग ऐकायला लागली. नवरा येईल तेव्हा इलाज तयार हवा, एवढं एकच तिच्या मनात होतं. जो खोकेल त्याच्याजवळ ती जाऊन बसायची आणि विचारायची, "कवा लागतो? कुठं असताना लागतो?" एकीला चुलीच्या धुरानं लागायचा. एकाला पोटभर जेवून लगेच आडवं झालं की लागायचा. खळ्यावरच्यांना तुसानं लागायचा. ती म्हणायची, "खोकला राखणदार हाय. कुनीतरी आत शिरलंय म्हनून वरडतोय. त्याला काय मारता? चोर बघा." मग ती चुलीची जागा बदलायला लावायची, जेवल्यावर शतपावली घालायला लावायची. मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या, घोट घोट कोमट पाणी, गालात ज्येष्ठमधाची काडी, आणि तिखटाला सुट्टी. इतकंच तिचं औषध. पण खोकल्यात रक्त दिसलं, ताप राहिला, माणूस वाळायला लागला किंवा महिना उलटला, तर ती स्वतः बैलगाडी जुंपायला लावून त्याला तालुक्याच्या वैद्याकडं धाडायची. तीन कोसांवरचा खोकला ऐकून ती माणसाचं नाव सांगायची, असं म्हणतात.

आणि पुढच्याच सुगीत ती तोंडाला पदर बांधून राशीसमोर उभी राहिली. खळं हबकलं. पाटील धावत आले. "धुरपदे, लक्षुमी रुसंल की गं!"

धुरपदा म्हणाली, "पाटील, लक्षुमीम्होरं आमी डुईवर पदर घेतो, त्यो मान. मग त्योच पदर चार बोटं खाली आला तर अपमान कसा?"

पाटलांना उत्तर द्यायचं होतं, पण त्यांना उबळ आली. ती थांबेपर्यंत चार गड्यांनी तोंडाला फडकी बांधली होती. त्या वर्षी सुगी संपली तरी गाव खोकलं नाही. सगळे आनंदले. धुरपदा मात्र घरी जाऊन खूप रडली. हे एक वर्ष आधी सुचलं असतं तर तो गेला नसता.

बारा वर्षं गेली. फडकी बांधलेल्या खळ्याची कीर्ती झाली आणि लांबलांबचे गडी उफणायला येऊ लागले. उफणणी संपली की धुरपदा कोमट पाण्याची घागर घेऊन यायची आणि एकेकाच्या ओंजळीत धार धरायची. एका वर्षी परगावच्या गड्यांच्या रांगेत एक दाढीवाला होता. तो ओंजळ धरून उभा राहिला, पण लगेच वाकला नाही. तोंडावर फडकं, आणि नजर तिच्याकडं. धुरपदानं वर पाहिलंच नाही. ती माणसं खोकल्यावरून ओळखायची, आणि या माणसाला खोकला नव्हता. धार सांडू नये म्हणून ती हातांकडं बघत होती. तो फडकं हनुवटीखाली ओढून प्याला. क्षणभर थांबला. ती पुढच्या ओंजळीकडं वळली.

थोड्या वेळानं माळाच्या टोकावरून गाणं आलं. दोनच ओळी. पडलेला वारा उठला आणि खळ्यावरचा सगळा भुसा आभाळात गेला. धुरपदाच्या हातातली घागर गळाली. ती अनवाणी धावत माळाच्या टोकाला गेली. तिथं कुणी नव्हतं.

बायांनी तिला धरून आणलं. ती एवढंच म्हणाली, "त्याला वाटलं आसंल, हिनं वळखलं आनि बोलली न्हाई." पुढं ती जगली तोवर वर्षातून एक दिवस तरी हे वाक्य बोलायची, असं म्हणतात. गेणू परत आला नाही. कसा येईल? तो एकदा आलाच होता.

आजही बाभुळखळ्यात मळणीयंत्र थांबलं की पाणी द्यायला कुणीतरी बाईच उभी राहते. तिला त्या दिवशी धुरपदामाय म्हणतात, मग ती सोळा वर्षांची का असेना. तिच्यासमोर आधी तोंडावरचं फडकं सोडायचं, ताठ उभं राहायचं आणि आपलं नाव सांगायचं. ती चेहऱ्याकडं नीट बघते, ते नाव आपल्या तोंडानं म्हणते, आणि मगच ओंजळीत धार धरते. ओळखीचा असो की परका, सख्खा भाऊ असला तरी सुटका नाही. सगळे पिऊन झाले की ती माळाकडं तोंड करून मोठ्यानं विचारते, "आजून कुनी ऱ्हायलं का?" घागरीत एका ओंजळीपुरतं पाणी ठेवलेलं असतं.