घाटमाथ्यावरचा थांबा

"उतारावर गियर पडलाच न्हाई, तर काय करायचं उस्ताद?"

दस्तगीर उस्ताद बशीतला चहा फुंकत राहिले.

"मला ठावं न्हाई," ते म्हणाले.

महिपती थोरवताला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. सगळी हयात ट्रकच्या केबिनमध्ये काढलेला माणूस. कोकणात उतरणारा एकही घाट त्यांनी सोडला नव्हता. आणि म्हणे ठाऊक नाही!

"म्हंजे तुमचा गियर कधी अडकलाच न्हाई?"

"उतारावर मी गियर बदलत न्हाई."

"पण बदलावाच लागला तर?"

"मग तूच सांग की. तू बदलून बघितलाईस."

क्लच न दाबता गियर टाकणारा ड्रायव्हर म्हणून महिपतीचं नाव होतं. नुसत्या इंजिनाच्या आवाजावर तो दांडा असा सरकवायचा, की शेजारी बसलेल्याला कळायचंही नाही. अड्ड्यावरचे ड्रायव्हर ते बघायला मुद्दाम केबिनमध्ये चढत. त्याला ते फार आवडे. कौतुक कुणाला कडू लागतं?

मग एकदा भरल्या गाडीने घाट उतरताना त्याने पाचव्यातून तिसरा टाकायला घेतला. तिसरा पडेना. पाचवाही परत जाईना. गाडी न्यूट्रलमध्ये सुटली आणि ब्रेक तापून धूर ओकू लागले. त्याने ती डोंगराच्या अंगावर घातली, म्हणून वाचला.

तेव्हापासून गियरच्या दांड्यावर हात ठेवला की हात थरथरे. मालकाने चावी काढून घेतली होती. "उस्तादांना बसवून एकदा घाट उतर. ते हो म्हणाले, तर गाडी तुझी," असं त्याने बजावलं होतं. महिपतीला दुसरं कुठलं काम येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर शिकायचंही नव्हतं.

"उस्ताद, ती एक खुबी तेवढी शिकवा. अडकलेला गियर पाडायची. मग मी पुन्हा पैल्यासारखा..."

"चल," उस्ताद उठले. "गाडी भरलीय न्हवं?"

"साखर हाय. काठोकाठ."

"ब्येस."

महिपतीने गाडी माथ्याकडे काढली. चढावर महिपतीने गियर बदलले तेव्हा हात थरथरला. उस्तादांनी पाहिलं आणि खिडकीबाहेर बघू लागले.

माथ्यावर घाटजाईचं देऊळ होतं. जाणारी जवळजवळ प्रत्येक गाडी तिथे थांबे. कुणी नारळ फोडी, कुणी बसल्या जागेवरून हात जोडी. महिपती कधी थांबत नसे. देवीवर राग नव्हता त्याचा, पण देवाधर्माची वेळ म्हाताऱ्या ड्रायव्हरांना असते, असं तो म्हणे. माथा तो पाचव्यातच ओलांडत आला होता.

"थांबीव," उस्ताद म्हणाले.

महिपती चकित झाला. "दर्शन घेणार तुमी?"

"थांबीव म्हनलं."

गाडी थांबली. उस्ताद उतरले नाहीत, त्यांनी हातही जोडले नाहीत. मांडीवर हात ठेवून नुसते बसून राहिले. पलीकडच्या गाडीपुढे कुणीतरी नारळ फोडला.

"मग थांबलो कशाला?"

"थांबायला."

महिपती वैतागला. "उस्ताद, शिकवायचं नसंल तर तसं सांगा. कोडी कशाला घालताय?"

"बरं, एक सांग. ही देवी हितं का बसवली असंल?"

"घाटात राखण करायला. आणि कशाला?"

"गाड्या कुठं पडत्यात?"

"खालच्या वळणावर. मी डोंगराला धडकलो तिथंच."

"मग राखणदार हितं माथ्यावर कशाला? हितं तर आजवर एक गाडी पडली न्हाई."

महिपती देवळाकडे बघत राहिला. एक भरलेली गाडी आली आणि देवळापुढे थांबली. ड्रायव्हरने हात जोडले आणि पहिल्या गियरमध्ये गाडी काढली. मग दुसरी आली. तीही थांबली, आणि तीही पहिल्यातूनच निघाली. तिच्या मागची तशीच. धावत्या गाडीने उतारात कुणी शिरतच नव्हतं.

मागच्याने हॉर्न मारला तेव्हा महिपती भानावर आला.

"पैला टाकू?"

"ईचारतोस काय?"

त्याने पहिला टाकला, मग दुसरा. क्लच दाबून, शिकाऊ माणसासारखा. उतार लागताच खालच्या गियरमुळे इंजिनाने गाडीला धरून ठेवलं. सवयीने त्याचा डावा हात दांड्यावर गेला आणि थरथरू लागला.

उस्तादांनी तो हात मनगटाला धरून उचलला आणि स्टिअरिंगवर ठेवला.

"तिथं आता काम न्हाई," ते म्हणाले. मग त्यांनी पाय वर घेतले, टोपी डोळ्यांवर ओढली आणि मान मागे टाकली.

दुसऱ्या गियरमध्ये घाट उतरणं म्हणजे जिवाला कंटाळा. इंजिन कण्हत होतं. रिकाम्या गाड्या मागून येऊन पुढे जात होत्या. एकाने खिडकीतून हात काढून विचारलं, "पावणं, बैल दमलं का?" महिपतीचे कान तापले. पाय क्लचकडे वळला. तिसरा टाकला असता तर त्या शहाण्याला दोन वळणांत गाठलं असतं.

त्याने शेजारी पाहिलं. उस्ताद घोरत होते!

तो पार घाबरला. भरली गाडी, तेच वळण पुढे, आणि ज्यांच्या जिवावर उतरायचं ते गाढ झोपलेले. त्याला त्यांना हलवून उठवावंसं वाटलं. पण दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि ते काढायची ही वेळ नव्हती.

वळण आलं. डोंगराच्या अंगावर त्याच्याच गाडीने खरवडलेला पट्टा अजून दिसत होता. त्याने ब्रेकला जरासा पाय लावला आणि सोडला. गाडी हळूहळू वळली, इंजिनाचा आवाज तसूभरही बदलला नाही... आणि पट्टा मागे पडला.

महिपतीला रडू आलं. आनंदाने आलं, आणि त्याने ते पुसलंही नाही. हात थरथरत नाहीत, हे त्याच्या फार नंतर ध्यानात आलं.

खाली सपाटीला टपरीपाशी त्याने गाडी लावली. इंजिन बंद झालं, तसे उस्ताद जागे झाले. त्यांनी टोपी सारखी केली आणि खिडकीबाहेर पाहिलं.

"आलं व्हय कोकण?"

महिपतीचा आनंद एकदम ओसरला.

"उस्ताद, ह्यो काय न्याय झाला? मालकानं तुमाला माझं गाडी हाकणं बघायला बसवलं हुतं. तुमी काईच बघितलं न्हाई. आता तो ईचारंल, उस्ताद काय म्हनले. मी काय सांगू त्याला?"

उस्तादांनी दार उघडलं, एक पाय खाली टाकला आणि हसले.

"सांग, म्हातारा घाटभर झोपला हुता."